बालोदगहन : मध्य प्रांतातील एक मेनोनाइट गाव

छत्तीसगढ राज्यातील धमतरीच्या परिसरातील एक लहान शेतीप्रधान गाव. अमेरिकन मेनोनाइट मिशनने १९०६ मध्ये या गावाचे मालगुजारी हक्क विकत घेतले आणि दुष्काळात पोरकी झालेली जी मुले मिशनच्या आश्रयाने वाढली होती, त्यांच्या कुटुंबांना तेथे शेतीवर वसविले. त्यामुळे मेनोनाइट पंथाच्या भारतातील इतिहासात या गावास विशेष स्थान प्राप्त झाले. मराठी वाचकाला हा प्रदेश अगदी परका नाही. नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा होईपर्यंत छत्तीसगढ त्यांच्या अंमलाखाली होते. पुढे १९५६ पर्यंत ते व विदर्भ हे एकाच प्रांतात राहिले आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. बालोदगहनमध्ये जी मालगुजारी पद्धती होती तीच भंडारा, चांदा, नागपूर व वर्धा या जिल्ह्यांत होती.

मराठी प्रदेशात मेनोनाइट मिशनांची केंद्रे उभी राहिली नाहीत. अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून काम करीत होते, जालन्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे, तर औरंगाबादेस चर्च मिशनरी सोसायटीचे ठाणे होते. एका मिशनच्या क्षेत्रात दुसऱ्याने शिरू नये, असा प्रॉटेस्टंट मिशनांचा सर्वसाधारण संकेत असल्याने बीड, परभणी व नांदेड या बाजूस नव्याने येणाऱ्यांना फारसा वाव नव्हता. मात्र बीड जिल्हा ज्या निजामी राज्यात होता, त्याच राज्याच्या तेलंगणी जिल्ह्यांत मेनोनाइट मिशनरी बालोदगहनच्याही आधी पोहोचले होते. त्यांचा वृत्तांत पुढे दिला आहे. प्रथम पंथाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे; कारण गाव वसविणे ही या पंथाची जुनी सवय आहे आणि तिच्यामागे धर्ममतापेक्षा छळाचा इतिहास अधिक आहे.

सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेच्या आंदोलनात झुरिक येथे हुल्ड्रिक झ्विंग्लीच्या काही अनुयायांनी जानेवारी १५२५ मध्ये एकमेकांस पुन्हा बाप्तिस्मा दिला. बाप्तिस्मा हा समजत्या वयात, स्वतःच्या श्रद्धेने घ्यावयाचा संस्कार आहे. तान्ह्या मुलास तो देणे निरर्थक होय, असे त्यांचे म्हणणे होते. आज हे मत निरुपद्रवी वाटते. तत्कालीन यूरोपात मात्र बाप्तिस्म्याची नोंद हीच राज्याच्या प्रजाजनत्वाची नोंद होती. ती नाकारणे म्हणजे राज्यसत्ता व चर्च यांच्या एकत्वासच नकार देणे होते. कोनराट ग्रेबेल, फेलिक्स मांत्स व गेओर्ग ब्लाउरॉक हे या गटाचे अग्रणी. त्यांपैकी मांत्स यास जानेवारी १५२७ मध्ये झुरिकच्या नगरसभेने लिमाट नदीत बुडवून मारले. विरोधकांनी या लोकांना ‘अनाबाप्टिस्ट’ म्हणजे पुनर्बाप्तिस्मावादी असे नाव दिले. १५३४–३५ मध्ये म्युन्स्टर शहरात त्यांच्यातील एका गटाने सशस्त्र सत्ता स्थापण्याचा प्रयत्न केला व तो रक्तपातात संपला. त्यानंतर विखुरलेल्या शांततावादी लोकांना नेदर्लंड्समधील फ्रीसलँड प्रांताचा मेनो सिमन्स (१४९६–१५६१) हा नेता लाभला. तो कॅथलिक धर्मोपदेशक होता. १५३६ मध्ये त्याने ते पद सोडले व उरलेले आयुष्य लपतछपत प्रवासात घालविले. त्याच्याच नावावरून अनुयायांस मेनोनाइट हे नाव पडले. शस्त्र न धरणे, शपथ न घेणे, राजसत्तेची दंडशक्ती चालविणारी पदे न स्वीकारणे आणि बंधुवर्गाविरुद्ध न्यायालयात न जाणे ही त्यांची मुख्य आचारसूत्रे होत. यांतील प्रत्येक सूत्राची बालोदगहन येथे कसोटी लागली.

शस्त्र न धरणाऱ्यास शहरात राहणे कठीण व खेड्यात राहणे शक्य, असा अनुभव या पंथास वारंवार आला. डच मेनोनाइटांनी व्हिस्चुला नदीच्या मुखाजवळील दलदलीचा निचरा करून तेथे शेती उभी केली. प्रशियाच्या राज्यकर्त्यांनी जमीन खरेदीवर निर्बंध घातल्यावर त्यांच्यापैकी अनेकांनी कॅथरिन राणीच्या निमंत्रणावरून दक्षिण रशियात, म्हणजे आजच्या युक्रेनमध्ये स्थलांतर केले. १७८९ मध्ये नीपर नदीकाठी खोर्टित्सा आणि १८०४ मध्ये मोलोच्ना ही दुसरी वसाहत स्थापन झाली. मोलोच्ना वसाहतीत पुढे पन्नासहून अधिक गावे झाली. एकच सरळ रस्ता, त्याच्या दुतर्फा घरे, घरामागे बाग व गावाभोवती समान वाटणीची शेते अशी या गावांची रचना असे. सैनिकी सेवेतून सूट, जर्मन भाषेतील शाळा व स्वतःचा ग्रामकारभार या सवलती त्यांना सनदेने मिळाल्या होत्या.

या आदर्श वाटणाऱ्या गावांचा एक दोष लवकरच उघड झाला. प्रत्येक कुटुंबास मिळालेली सु. ६५ देस्यातिन (सु. १७५ एकर) जमीन विभागण्यास मनाई होती आणि गावसभेत मताचा अधिकार केवळ जमीनधारकास होता. लोकसंख्या वाढली तसा भूमिहीनांचा वर्ग वाढत गेला. १८६० च्या सुमारास मोलोच्ना वसाहतीतील निम्म्याहून अधिक कुटुंबे भूमिहीन होती. एकाच चर्चमध्ये शेजारी बसणारे दोन बंधू, पण एक मालक व दुसरा मजूर अशी स्थिती झाली. रशियन सरकारने १८६६ मध्ये हस्तक्षेप केल्यावरच भूमिहीनांना मताधिकार व जमिनी मिळू लागल्या. याच काळात (१८६०) धार्मिक शैथिल्याविरुद्ध मेनोनाइट ब्रदरेन हा वेगळा गट निघाला. त्याचे कारण केवळ भूमिप्रश्न नव्हते, तथापि भूमिहीनांचा असंतोष त्याच्या वाढीस पोषक ठरला, असे मानण्यास आधार आहे. १८७० नंतर सक्तीच्या सैनिकी सेवेचे संकट आले, तेव्हा सु. १८,००० मेनोनाइट उत्तर अमेरिकेत गेले. त्यांपैकी बरेचसे कॅनझसच्या व मॅनिटोबाच्या गवताळ प्रदेशात वसले. एक लहान गट मात्र पूर्वेकडे वळला व १८८० नंतर मध्य आशियातील खिवाजवळ अक-मेचेत नावाचे गाव करून राहिला. १९३५ मध्ये सोव्हिएट सरकारने ते गाव उठविले.

भारतात येणारे पहिले मेनोनाइट रशियातीलच होते. अब्राहाम फ्रीझेन हा मेनोनाइट ब्रदरेन गटाचा मिशनरी सपत्नीक १८८९ मध्ये निजामी राज्यात आला आणि अमेरिकन बाप्टिस्ट मिशनच्या छत्राखाली नलगोंडा येथे त्याने काम सुरू केले. त्यानंतर १८९९ मध्ये अमेरिकेतील मेनोनाइट ब्रदरेन मंडळाने एन्. एन्. हीबर्ट यास हैदराबादेस पाठविले. पुढे नागरकर्नूल, महबूबनगर, वनपर्ती, देवरकोंडा इ. ठिकाणी त्या मिशनची केंद्रे झाली. येथे ख्रिस्ती झालेले लोक बहुतांशी माला व मादिगा या दलित समाजांतील होते. ते आपापल्या गावी, आपल्या वस्तीत, आपल्या नातेवाइकांतच राहिले; धर्म बदलला तरी गाव बदलले नाही. त्यामुळे तेलंगणात मिशनला स्वतंत्र गाव वसविण्याची निकड भासली नाही. आज तेलंगणातील हे चर्च सभासदसंख्येने जगातील सर्वांत मोठ्या मेनोनाइट ब्रदरेन चर्चांपैकी एक आहे. धमतरीची गोष्ट निराळी होती. तेथील पहिल्या ख्रिस्ती पिढीला परत जाण्यास गावच उरले नव्हते.

१८९६–९७ आणि १८९९–१९०० अशा दोन भीषण दुष्काळांनी मध्य प्रांताची दैना केली. छत्तीसगढचे सारे जीवन भाताच्या एका पिकावर अवलंबून होते. पाऊस दगा देई तेव्हा दुसरे पीक हाती नसे. गुजरात-राजस्थानकडे ‘छप्पनिया’ या नावाने स्मरणात राहिलेला १८९९–१९०० चा दुष्काळ मराठवाड्यासही भोवला. बीड जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ ते १९०१ या दशकात साडेसहा लाखांच्या आसपासवरून पाच लाखांच्या आत आली. या घटीतील मृत्यू किती व देशांतर किती हे वेगळे काढणे अवघड आहे, परंतु बालाघाटाच्या डोंगराळ भागातील गावेच्या गावे ओस पडल्याशिवाय एवढी घट होत नाही.

पहिल्या दुष्काळाची वार्ता अमेरिकेत पोहोचली तेव्हा इंडियाना राज्यातील एल्कहार्ट येथील मेनोनाइटांनी मदतकार्यासाठी एक मंडळ स्थापन केले. जॉर्ज लँबर्ट हा त्या मंडळाचा प्रतिनिधी १८९७ मध्ये भारतात येऊन गेला आणि परतल्यावर त्याने दुष्काळाविषयी एक सचित्र पुस्तक लिहिले (१८९८). कॅनझसमधील शेतकरी स्वतः वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच निर्वासित म्हणून आलेले होते; भुकेल्यांना धान्य पाठविण्याचे आवाहन त्यांना चटकन समजले. धान्यापाठोपाठ माणसे आली. जेकब ए. रेसलर, डॉ. विल्यम बी. पेज व ॲलिस पेज हे तिघे मार्च १८९९ मध्ये मुंबईस उतरले व प्रदेशाची पाहणी करून वर्षअखेरीस धमतरी येथे स्थिरावले. पुढील वर्षीच दुसरा दुष्काळ ऐन भरात होता. रायपूरहून धमतरीस जाणारा अरुंद मापी लोहमार्ग १९०० मध्ये सुरू झाला. नव्याने आलेल्या मिशनऱ्यांवर धर्मप्रसारापूर्वीच सरकारी मदतकार्याची देखरेख येऊन पडली. अन्नछत्रे, दुष्काळी कामे व बियाण्याचे वाटप यांत त्यांची पहिली वर्षे गेली. काही वर्षांनी, १९१० मध्ये, डॉ. सी. डी. एश यांच्या आगमनानंतर वैद्यकीय कार्यास स्थिर स्वरूप आले. त्यातून वाढलेले धमतरी ख्रिश्चन रुग्णालय व शांतिपूर येथील कुष्ठधाम या संस्था त्या भागात प्रसिद्ध आहेत.

दुष्काळाने मागे ठेवलेला सर्वांत बिकट प्रश्न पोरक्या मुलांचा होता. मुले प्रथम नातेवाइकांच्या व स्वधर्मीयांच्या स्वाधीन करावी आणि कोणी पुढे न आल्यासच संस्थांकडे सोपवावी, असे सरकारी धोरण होते. प्रत्यक्षात पुढे येणारे थोडे होते. पंडिता रमाबाईंनी १८९७ मध्ये मध्य प्रांतात येऊन शेकडो मुली पुण्याकडे नेल्या व त्यांतूनच केडगावच्या मुक्तिसदनाची वाढ झाली. लाला लजपतराय व आर्यसमाज यांनी हिंदू मुले ख्रिस्ती मिशनांच्या हाती जाऊ नयेत म्हणून याच प्रांतातून मुले पंजाबातील अनाथालयांत नेली. १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे लालाजींनी याविषयी साक्षही दिली. मूल जगविणे आणि मूल आपल्या धर्मात घेणे या दोन गोष्टी एकाच हाताने घडत असल्यामुळे हा वाद उत्पन्न झाला. तो निराधार होता असे म्हणता येत नाही आणि ज्यांनी प्रत्यक्षात खीर-खिचडी भरविली त्यांच्या हेतूंवर केवळ संशय घेऊनही भागत नाही. मेनोनाइट मिशनकडे आलेली मुले शेकड्यांनी मोजण्याइतकी होती. त्यांच्यासाठी धमतरी व जवळच्या रुद्री येथे अनाथगृहे उघडण्यात आली. बाप्तिस्मा समजत्या वयात, ही पंथाची मूळ अट असल्याने तान्ह्या अनाथांना बाप्तिस्मा देण्याचा प्रश्न येथे उद्भवला नाही. तथापि मिशनच्या छपराखाली वाढलेल्या मुलाचे ‘समजते वय’ कितपत स्वतंत्र असणार, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

ही मुले वेगवेगळ्या जातींतून आली होती. एकत्र जेवून, एकत्र शिकून व पुढे आपसांत विवाह करून त्यांची जातीची ओळख पुसट झाली. धमतरीच्या ख्रिस्ती समाजाचे हे वैशिष्ट्य तेलंगणातील वा मराठवाड्यातील ख्रिस्ती समाजात क्वचितच आढळते; कारण तेथे एकेक जात समूहाने ख्रिस्ती झाली. परंतु जात गेली तशी तिच्याबरोबर येणारी शेतवाडी, धंदा व सोयरीकही गेली. १९०५ च्या सुमारास मोठी मुले विवाहयोग्य झाली, तेव्हा त्यांनी खावे काय व राहावे कोठे, हा व्यवहाराचा प्रश्न उभा राहिला. सर्वांना मिशनची नोकरी देणे शक्य नव्हते व इष्टही नव्हते. मिशनरी स्वतः शेतकऱ्यांची मुले होती. त्यांना सुचलेले उत्तर त्यांच्या पूर्वजांचेच होते : गाव मिळवावे.

गाव विकत घेता येते, ही गोष्ट बीडच्या शेतकऱ्यास चमत्कारिक वाटली असती. निजामी राज्याच्या दिवाणी मुलखात रयतवारी होती. सारा थेट सरकारात भरला जाई व जमीन ज्याच्या त्याच्या नावे असे. जहागिरी व इनाम गावे होती, पण ती मेहेरबानीने मिळत, बाजारात नव्हेत. मध्य प्रांतात स्थिती वेगळी होती. भोसल्यांच्या अमदानीत गावाचा सारा गोळा करणारा पाटील, गावटिया किंवा मक्तेदार हा सरकार व रयत यांच्यामधला दुवा होता. त्याच्याकडे वसुलीचे काम होते, मालकी नव्हती. इंग्रजांनी १८६० नंतरच्या जमाबंदीत या मध्यस्थांना गावाची मालकी बहाल केली. हेच मालगुजार होत. गावाच्या खंडाचा ठराविक हिस्सा सरकारजमा करून उरलेला त्यांनी ठेवावा, पडीक जमीन, जंगल, तलाव व गावठाण यांवर त्यांचा हक्क राहावा आणि हे सारे विकता वा गहाण टाकता यावे, असे ठरले. परिणामी छत्तीसगढमधील व नागपूर विभागातील अनेक गावे एका पिढीत मूळच्या पाटलांकडून सावकार, व्यापारी व वकील यांच्याकडे गेली. एखाद्या धर्मसंस्थेने गाव घेणे हेही कायद्याच्या दृष्टीने तितकेच सरळ होते.

मालगुजाराचे वैभव पूर्व विदर्भात आजही डोळ्यांनी दिसते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांतील जे हजारो तलाव ‘माजी मालगुजारी’ किंवा संक्षेपाने ‘मामा’ तलाव म्हणून ओळखले जातात, ते याच व्यवस्थेच्या ताब्यातील होते व त्यांतील कित्येक तिच्याही पूर्वीचे आहेत. तलावाचे पाणी, गायरान, सरपण व घरासाठी लाकूड यांवर गावकऱ्यांचा जो वहिवाटीचा हक्क असे त्यास ‘निस्तार’ म्हणत. कोतवाल मालगुजाराच्या आज्ञेत असे आणि गुन्ह्याची खबर पोलिसांस देण्याची जबाबदारीही मालगुजाराच्या बाजूने नेमलेल्या मुकादमावर असे. सणासुदीला व पेरणीच्या हंगामात रयतेकडून बिनमोल काम घेण्याची प्रथा, म्हणजेच बेगार, सर्वत्र रूढ होती. थोडक्यात, मालगुजार हा केवळ जमीनमालक नव्हता. तो गावापुरता राजा होता.

हे पद १९०६ मध्ये बालोदगहन येथे मेनोनाइट मिशनकडे आले. चार शतके राजसत्तेपासून दूर राहू पाहणाऱ्या पंथाने एका हिंदी खेड्यातील सत्तास्थान पैसे मोजून घ्यावे, हा विरोध नजरेत भरण्याजोगा आहे. शपथेची अडचण कायद्याने आधीच सोडविली होती. १८७३ च्या शपथ कायद्यानुसार शपथेऐवजी गंभीर प्रतिज्ञेवर साक्ष देता येत असे. खंड थकविणाऱ्या कुळाचे काय करावयाचे हा प्रश्न मात्र कोणत्याही कायद्याने सुटणारा नव्हता. मालगुजारास वसुलीचा मार्ग म्हणजे न्यायालयात दावा. कूळ जर चर्चचा सभासद असेल, तर तोच मनुष्य रविवारी बंधू व सोमवारी प्रतिवादी ठरणार. दावा न करावा, तर सरकारी सारा मिशनच्या गंगाजळीतून भरणे आले. आणि ती गंगाजळी अमेरिकेतील शेतकऱ्यांच्या दानाची होती.

गाव घेतल्याने ते सर्व ख्रिस्ती झाले, अशी समजूत होण्याचा संभव आहे. ती बरोबर नाही. गावात पूर्वीपासून कुळे होती. १८९८ च्या मध्य प्रांत कूळ कायद्याने त्यांच्यातील मौरूसी कुळांना, म्हणजे कायम कब्जेदारांना, जमिनीवरून सहज काढता येत नसे. १९२० च्या कायद्याने सामान्य कुळांनाही हे संरक्षण मिळाले. नव्या ख्रिस्ती कुटुंबांना देण्याजोगी जमीन म्हणजे मालगुजाराची स्वतःची ‘सीर’ व ‘खुदकाश्त’ जमीन आणि जी काही पडीक असेल ती. म्हणून बालोदगहन हे मिश्र गाव राहिले. एकाच तलावावर हिंदू व ख्रिस्ती कुळांची भातशेती भिजत असे आणि दोघांचाही मालगुजार अमेरिकन होता. ख्रिस्ती वस्तीसाठी चर्च व शाळा झाली. मुलींचे अनाथगृह व शाळाही पुढे या गावी होती. त्यामुळे आसपासच्या खेड्यांच्या मानाने येथे स्त्रीशिक्षण लवकर रुजले.

शेतीच्या बाबतीत मिशनऱ्यांना फारसे शिकविता आले नाही, असे दिसते. कॅनझस-पेनसिल्व्हेनियाचा गहू व मका यांचा अनुभव छत्तीसगढच्या भातखाचरांत निरुपयोगी होता. तेथील शेतकरी ‘ब्यासी’ पद्धतीने, म्हणजे फेकून पेरलेल्या भातात रोपे वीतभर वाढल्यावर पाणी साठवून नांगर फिरवून, पीक घेई व ती पद्धती त्या हवामानास अनुरूप होती. जमिनीच्या वाटपाचीही छत्तीसगढची स्वतःची परंपरा होती. ‘लाखाबाटा’ या रूढीनुसार गावातील शेते काही वर्षांनी पुन्हा वाटली जात, म्हणजे चांगली व हलकी जमीन एकाच घराकडे कायम राहत नसे. इंग्रजी जमाबंदीने हक्क कागदावर पक्के केल्यावर ही रूढी मागे पडत गेली. मोलोच्नातील मेनोनाइटांना जर अशी रूढी असती, तर त्यांचा भूमिहीनांचा प्रश्न कदाचित इतका चिघळला नसता. मिशनऱ्यांच्या पत्रव्यवहारात व अहवालांत बालोदगहनविषयी जो सूर वारंवार उमटतो तो उत्पन्नाचा नसून स्वावलंबनाचा आहे : ख्रिस्ती कुळाने मिशनकडे मायबाप म्हणून पाहू नये. पण मिशनच अनाथाचे पालक, शाळामास्तर, धर्मगुरू, विवाह जुळविणारे व शेवटी जमीनमालक असता कुळाने दुसरे कोणाकडे पाहावे, हे सांगणे कठीण होते.

अशा प्रकारची ख्रिस्ती गावे वसविण्याचा प्रयोग केवळ मेनोनाइटांनी केला असे नाही. मराठवाड्यात बीडच्या शेजारी जालन्याजवळ बेथेल हे गाव एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी वसविले. ते ब्राह्मण कुटुंबातील असून १८४३ मध्ये मुंबईस ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपती यास मिशनमधून न्यायालयामार्फत परत आणून शुद्ध करून घेण्यावरून मुंबईत मोठा वाद माजला आणि त्यात बाळशास्त्री जांभेकरांनी शुद्धीचा पुरस्कार केला, ही हकीकत मराठी वाचकांस परिचित आहे. नारायण शेषाद्रींना बेथेलसाठी जमीन हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून मिळाली. तेथे वसलेले लोक मुख्यतः मांग समाजातील होते. गावकुसाबाहेरच्या वतनी चाकरीतून सुटून स्वतःच्या शेतावर उभे राहणे हा त्यांच्या दृष्टीने धर्मांतराइतकाच मोठा बदल होता. बेथेलचे महत्त्व यासाठीही आहे की, तेथील पुढारी मराठी होता. जावा बेटात डच मेनोनाइट मिशनरी पी. ए. यान्स यांनी १८८१ मध्ये मार्गोरेजो हे असेच गाव जंगल तोडून वसविले. तेथे राहणाऱ्यांस अफू व जुगार यांची मनाई होती. बेथेल, मार्गोरेजो व बालोदगहन या तिघांत बालोदगहन सर्वांत उशिराचे. जमीन दानाने वा जंगलतोडीने न मिळता खरेदीने मिळाली व त्यामुळे जुन्या कुळांसह मिळाली, हा त्याचा वेगळेपणा होय.

पहिल्या महायुद्धानंतर धमतरीचा परिसर राजकीय दृष्ट्या जागा झाला. महानदीवरील रुद्री बंधारा व त्यास पाणी पुरविणारे माडमसिल्ली धरण (१९२३) यांमुळे कालव्याचे पाणी आले, त्याबरोबर पाणीपट्टीही आली. १९२० मध्ये कंडेल गावच्या शेतकऱ्यांवर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवून दंड बसविण्यात आला, तेव्हा पं. सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले व छोटेलाल श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला व सरकारला माघार घ्यावी लागली. महात्मा गांधी १९३३ च्या हरिजन दौऱ्यात धमतरीस आले होते. शस्त्र न उचलता अन्यायास विरोध करणारी ही चळवळ मेनोनाइटांच्या दारातच घडली. परंतु मेनोनाइटांची परंपरा ‘अप्रतिकारा’ची होती, सत्याग्रहाची नव्हे, शिवाय परदेशी मिशनऱ्यांनी सरकारविरोधी हालचालींत भाग घेऊ नये, असे बंधनही सरकारने घातलेले होते. त्यामुळे दोन अहिंसा शेजारी नांदूनही परस्परांस फारशा भेटल्या नाहीत.

चर्चचा कारभार हळूहळू भारतीयांकडे येत गेला. १९१२ मध्ये स्थानिक मंडळ्यांची परिषद स्थापन झाली आणि १९५२ मध्ये मिशनचे वेगळे अस्तित्व संपवून कार्य भारतातील मेनोनाइट चर्चकडे सोपविण्यात आले. पी. जे. मालागर हे तिचे पहिले भारतीय बिशप होत. तत्पूर्वीच मालगुजारी संपली होती. मध्य प्रदेशच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारांचे अधिकार शासनाकडे गेले. तलाव, जंगल व गावठाण सार्वजनिक झाले आणि कुळे थेट सरकारची खातेदार बनली. हैदराबाद राज्यात जहागिरी १९४९ मध्ये रद्द झाल्या व १९५० च्या कूळ कायद्याने बीड-जालन्याच्या कुळांना संरक्षण मिळाले. मोलोच्नात जे झारच्या फर्मानाने घडले, ते येथे लोकनियुक्त विधिमंडळाने केले. बालोदगहनच्या ख्रिस्ती कुळाच्या दृष्टीने हा बदल धर्मसंस्थेच्या स्वातंत्र्यापेक्षाही अधिक मूलगामी ठरला. आता मिशनची मर्जी राखण्याचे कारण उरले नाही. त्याचबरोबर अडीअडचणीस मिशनकडे धाव घेण्याची सोयही उरली नाही.

मध्य प्रदेश शासनाने १९५४ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली ख्रिस्ती मिशनांच्या कार्याची चौकशी समिती नेमली. तिचा अहवाल १९५६ मध्ये नागपूर येथे प्रसिद्ध झाला. परदेशी पैसा व आर्थिक प्रलोभन यांवर त्यात कठोर टीका आहे; ख्रिस्ती संस्थांनी तो अहवाल एकांगी ठरविला. त्यानंतर परदेशी मिशनऱ्यांच्या संख्येस ओहोटी लागली. १९६३ मध्ये देशातील निरनिराळ्या मेनोनाइट चर्चांनी मिळून एक सेवामंडळ स्थापन केले. तोपर्यंत धमतरी, चांपा, जांजगीर, तेलंगण, बिहार व बंगाल येथील मंडळ्यांचा परस्परांशी संबंध अगदीच तुरळक होता. १९९७ च्या जानेवारीत मेनोनाइटांची जागतिक परिषद कलकत्ता येथे भरली.

बालोदगहनमधील ख्रिस्ती कुटुंबांच्या पुढील पिढ्या शेतीत फारशा रमल्या नाहीत. अनाथगृहाच्या शाळेने लावलेले शिक्षणाचे वळण त्यांना परिचारिका, शिक्षक व कारकून या व्यवसायांकडे आणि धमतरी, रायपूर, भिलई यांसारख्या शहरांकडे घेऊन गेले. गंगरेल येथील मोठे धरण १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस पूर्ण झाल्यावर परिसरातील भातशेतीस पाण्याची शाश्वती आली. उपासना हिंदीतून व घरगुती बोलणे छत्तीसगढीतून, अशी या समाजाची भाषिक रीत आहे.